टाकाऊ म्हणून सोडलेला रेणू

जीवरसायनशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात ग्लायकोलिसिसची, म्हणजे पेशी ग्लुकोज कसं तोडते त्याची, आकृती असते. वर ग्लुकोज, खाली पायरुव्हेट, मध्ये दहा पायऱ्या. पायरुव्हेटपासून एक ठळक बाण मायटोकॉन्ड्रियाकडे, पेशीच्या ऊर्जाघराकडे, जातो आणि दुसरा, बारीकसा, बाजूला वळून लॅक्टेटपाशी संपतो. विद्यार्थिनी असताना ही आकृती मी असंख्य वेळा काढली असेल, आणि तो बारीक बाण नेहमी सर्वांत शेवटी, कागदावर जागा उरेल तिथे. त्याच्या पुढे काय होतं हे कुणी विचारत नसे. ऑक्सिजन कमी पडला की लॅक्टेट तयार होतं, ते साचलं की स्नायू थकतात, मग यकृत ते निस्तरतं; विषय संपला.

तो संपलेला नव्हता, हे २०१९ नंतर कळू लागलं. हा रेणू पेशीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो, त्यांचं वागणं बदलतो, आणि कर्करोगाची गाठ या सगळ्याचा पुरेपूर फायदा उठवते. या चिकटण्याला लॅक्टिलेशन म्हणतात. गेली काही वर्षं मी त्यावर मिळेल ते वाचते आहे. आधी नुसतं कुतूहल होतं, पुढे मावशीच्या आजारपणामुळे त्यात गरज मिसळली. गरजेपोटी वाचणाऱ्याला प्रत्येक शोधनिबंधात उद्याचं औषध दिसू लागतं, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

लॅक्टिक आम्ल, म्हणजे लॅक्टेटचं आम्लरूप, माणसाला ठाऊक होऊन बराच काळ लोटला. १७८० मध्ये कार्ल विल्हेल्म शीले यांनी आंबलेल्या दुधातून ते वेगळं काढलं. १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर दाखवून दिलं की ऑक्सिजन नसला की ते साठतं आणि ऑक्सिजन मिळाला की नाहीसं होतं. तेव्हापासून लॅक्टेट म्हणजे गुदमरलेल्या पेशीची खूण, हे समीकरण इतकं पक्कं बसलं की व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तरी दोष त्यालाच दिला जातो. वास्तविक व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातलं लॅक्टेट जवळपास पूर्ववत होतं. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही.

या समीकरणाला पहिला धक्का गाठींनीच दिला. १९२० च्या दशकात बर्लिनच्या डालेम भागात जीवरसायनतज्ज्ञ ओटो वारबुर्ग गाठींच्या पातळ चकत्या काचपात्रात ठेवून त्यांचं श्वसन मोजत होते. निरोगी ऊतीला ऑक्सिजन मिळाला की तिचं लॅक्टेट बनवणं बहुतांशी थांबतं. गाठीच्या चकत्या थांबायला तयार नव्हत्या. ऑक्सिजनची अजिबात टंचाई नसतानाही त्या भराभरा ग्लुकोज ओढत होत्या आणि लॅक्टेट बाहेर टाकत होत्या. त्याच सुमारास, १९२५ मध्ये, गर्टी आणि कार्ल कोरी या दांपत्याने हेच जिवंत प्राण्यात पाहिलं. एका पंखात गाठ असलेल्या कोंबडीच्या दोन्ही पंखांतून परतणारं रक्त त्यांनी तपासलं, तर गाठीकडून येणाऱ्या रक्तात साखर कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त. इतका साधा आणि इतका निरुत्तर करणारा प्रयोग आज वाचतानाही हेवा वाटतो.

वारबुर्ग यांनी मात्र त्यातून असा अर्थ काढला की कर्कपेशीची श्वसनयंत्रणाच बिघडलेली असते आणि कर्करोगाचं मूळ तिथेच आहे. निरीक्षण अचूक होतं, अर्थ बहुतांशी चुकला. बहुतेक गाठींमधले मायटोकॉन्ड्रिया चांगले काम करत असतात. वारबुर्ग यांनी आपलं मत शेवटपर्यंत सोडलं नाही. निरीक्षणाचा उपयोग मात्र आज जगभरच्या रुग्णालयांत रोज होतो. गाठी शोधणाऱ्या पेट स्कॅनच्या आधी शिरेतून ग्लुकोजसारखा एक रेणू देतात. त्यावर फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू बसवलेला असतो, अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं. जिथे पेशी हावरटासारखं ग्लुकोज ओढतात तिथे तो साचतो आणि चित्रात उजळतो. मेंदूही उजळतो, मूत्राशयही उजळतं, त्यामुळे उजळलेला प्रत्येक भाग म्हणजे गाठ असं नसतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी मावशीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा नजर त्या चित्रावरून हलेना.

एका ग्लुकोजपासून ग्लायकोलिसिसमध्ये एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, निव्वळ दोन रेणू मिळतात. तेच मायटोकॉन्ड्रियापर्यंत नेलं तर तीसच्या आसपास. झपाट्याने वाढायचं आहे त्या पेशीने असा आतबट्ट्याचा व्यवहार का करावा? वेग हे एक उत्तर आहे. दुसरं असं की पेशी दुप्पट व्हायची तर नुसती ऊर्जा पुरत नाही, नव्या पटलांसाठी आणि डीएनएसाठी कच्चा माल लागतो, आणि तो ग्लायकोलिसिसच्या मधल्या पायऱ्यांवरून उचलता येतो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण दोन्हींत लॅक्टेट टाकाऊच राहतं. बर्कलीचे शरीरक्रियातज्ज्ञ जॉर्ज ब्रूक्स १९८० च्या दशकापासून सांगत आले की एका पेशीने सोडलेलं लॅक्टेट दुसरी पेशी इंधन म्हणून वापरते, हृदय तर ते आवडीने जाळतं. तरी कर्करोगाच्या अभ्यासात त्याला मान मिळायला वेळ लागला. विश्रांतीच्या वेळी रक्तात लॅक्टेटचं प्रमाण लिटरला एक मिलिमोलच्या आसपास असतं. काही गाठींच्या आत ते तीस-चाळीसपर्यंत चढतं. इतकं काही साचत असेल तर ते तिथे नुसतं बसून राहत असेल का, हा प्रश्न आता उघड वाटतो.

ऑक्टोबर २०१९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या यिंगमिंग झाओ यांच्या गटाचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती, रिळावर दोरा गुंडाळावा तसा गुंडाळलेला असतो. हिस्टोनच्या मोकळ्या टोकांवर लायसीन हे अमिनो आम्ल असतं, आणि त्यावर लहान-मोठे रासायनिक गट बसतात. कोणता गट कुठे बसला यावर तिथली जनुकं उघडी राहणार की मिटलेली, हे बऱ्याच अंशी ठरतं. ॲसिटिल गटाबद्दल १९६४ पासून माहीत होतं. झाओ यांच्या गटाला वस्तुमान मापनात काही लायसीन अपेक्षेपेक्षा ७२ डाल्टनने (डाल्टन हे अणू-रेणूंच्या वजनाचं एकक) जड दिसले. लॅक्टिल गट बसला तर नेमकी एवढीच भर पडते. मग त्यांनी जड कार्बनचं लॅक्टेट पेशींना पुरवलं आणि तोच कार्बन हिस्टोनवर जाऊन बसलेला पकडला. माणसाच्या आणि उंदराच्या पेशींत मिळून हिस्टोनवर अशा २८ जागा सापडल्या.

त्या निबंधातला मला सर्वांत आवडलेला भाग कर्करोगाचा नाहीच. तो मॅक्रोफेज या रक्षक पेशींचा आहे. जिवाणूंची चाहूल लागली की त्या ग्लायकोलिसिसचा जोर वाढवतात आणि दाह पेटवणारी जनुकं चालू करतात. त्या धांदलीत लॅक्टेट साचत जातं, आणि काही तासांनी, बऱ्याच उशिरा, हिस्टोनवर लॅक्टिलेशन वाढू लागतं. ते ज्या जनुकांपाशी वाढतं त्यांत जखम भरून काढणारी जनुकं असतात. लढाईत तयार झालेला रेणूच आता लढाई आवरा आणि डागडुजीला लागा असं सांगतो. संशोधकांनी याला लॅक्टेट घड्याळ म्हटलं.

आता हीच मॅक्रोफेज गाठीत शिरली तर? तिथे लॅक्टेट कर्कपेशी अहोरात्र ओतत असतात. घड्याळाचा काटा पहिल्यापासूनच डागडुजीच्या वेळेवर. हल्ला करायला आलेली पेशी रक्तवाहिन्या वाढवायला आणि दाह शमवायला लागते. हॅरॉल्ड ड्वोराक यांनी १९८६ मध्येच गाठींना न भरणाऱ्या जखमा म्हटलं होतं. तेव्हा ते शरीररचनेच्या निरीक्षणावरून म्हटलं होतं. आता त्यामागच्या रसायनाचा एक धागा हाती आला आहे असं मला वाटतं.

कर्कपेशीच्या स्वतःच्या हिस्टोनवरही ही खूण दिसते. २०२१ मध्ये डोळ्यातल्या मेलानोमाचा, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाचा, अभ्यास झाला, त्यात वाढलेल्या लॅक्टिलेशनमुळे एक जनुक जोरात चालू होतं आणि त्याचं प्रथिन पी५३सकट गाठ रोखणाऱ्या जनुकांचे संदेश नष्ट करायला हातभार लावतं असं दिसलं. त्यानंतर अशा निबंधांचा पूर आला. कोणताही कर्करोग घ्या, कोणतंही प्रथिन घ्या, त्यावर लॅक्टिलेशन सापडलेलंच. या पुरातलं सगळं टिकेल असं मला वाटत नाही. पण त्यातल्या दोन गोष्टींपाशी मी थांबले.

पहिली गोष्ट पी५३ची. हे प्रथिन पेशीचा पहारेकरी म्हणून ओळखलं जातं. डीएनए बिघडला की ते पेशीची वाढ थांबवतं किंवा तिला मरायला लावतं. निम्म्याच्या आसपास कर्करोगांत त्याच्या जनुकातच बिघाड असतो. उरलेल्यांत जनुक धडधाकट असूनही पहारा ढिला का पडतो? २०२४ मध्ये चिनी संशोधकांनी एक अनपेक्षित एन्झाइम पुढे आणलं, एएआरएस१. त्याचं मूळ काम अगदी घरंदाज: प्रथिनं बनवण्यासाठी अ‍ॅलानिन हे अमिनो आम्ल उचलायचं आणि ते योग्य टी-आरएनएवर, म्हणजे अमिनो आम्ल वाहून नेणाऱ्या रेणूवर, चढवायचं. प्रत्येक जिवंत पेशीत हे चालू असतं. आता अ‍ॅलानिन आणि लॅक्टेट शेजारी शेजारी ठेवून पाहा. सांगाडा तोच, फरक एका जागेचा: अ‍ॅलानिनमध्ये जिथे नायट्रोजनचा गट आहे तिथे लॅक्टेटमध्ये ऑक्सिजनचा. लॅक्टेट भरमसाठ झालं की एन्झाइम तेही उचलतं, एटीपी खर्चून ते सक्रिय करतं आणि प्रथिनांच्या लायसीनवर नेऊन बसवतं. पी५३वर ते १२० आणि १३९ क्रमांकाच्या लायसीनवर बसतं. दोन्ही जागा डीएनए पकडणाऱ्या भागातल्या. पकड सैलावते, पहारेकरी जागेवर असून नसल्यासारखा.

याच अभ्यासात बीटा-अ‍ॅलानिनने लॅक्टेटला त्या एन्झाइमपासून दूर ठेवलं आणि प्राण्यांमध्ये गाठी बनण्याला आळा बसला. बीटा-अ‍ॅलानिन म्हणजे तेच, जे व्यायामपटू दमछाक लांबवण्यासाठी पूरक म्हणून घेतात. हे वाचल्यावर मनात जे येतं ते माझ्याही मनात आलं. पण प्राण्यांवरच्या प्रयोगातून डबा विकत घेण्यापर्यंतची उडी कुणी मारू नये; मीही मारली नाही, मावशीलाही मारू दिली नाही.

दुसरी गोष्ट थेट उपचाराची. सिस्प्लॅटिनसारखी केमोची औषधं आणि रेडिएशन या दोन्हींचा मुख्य मारा डीएनएवर असतो. कर्कपेशीने ती तुटफूट दुरुस्त केली की औषध वाया. डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर ती जागा हेरून तिथे सर्वांत आधी पोहोचणाऱ्यांमध्ये तीन प्रथिनांचा एक संच असतो: एमआरई११, आरएडी५० आणि एनबीएस१. २०२३ मध्ये एमआरई११वर आणि २०२४ मध्ये एनबीएस१वर लॅक्टिलेशन होतं असं दोन वेगळ्या गटांनी दाखवलं. एनबीएस१च्या ३८८ क्रमांकाच्या लायसीनवर लॅक्टिल गट बसला की हा संच नीट जुळतो, तुटलेल्या जागी लवकर गोळा होतो आणि दुरुस्ती फत्ते होते. जठराच्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधी केमो घेतलेल्या ज्या रुग्णांच्या गाठीत ही खूण जास्त होती, त्यांचं पुढे फारसं बरं गेलं नाही.

एकच गाठ, एकच औषध, एकच मात्रा, आणि एकाला गुण येतो, दुसऱ्याला येत नाही. याला आपण प्रतिकार असं नाव देऊन मोकळे होतो. या निबंधाने त्या प्रतिकाराच्या एका तुकड्याला पत्ता दिला. ग्लुकोज जाळण्याची सवय आणि केमोला न जुमानणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी समजल्या जात. त्यांच्यामध्ये एक सरळ दुवा निघाला. आणि तो तोडायला त्यांनी वापरलेलं औषध नवं नव्हतं. स्टिरिपेंटॉल हे ड्रॅव्हे सिंड्रोम या लहान मुलांतल्या अवघड अपस्मारावर दिलं जातं. अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ते लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या लॅक्टेट बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतं हे २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी मेंदूच्या पेशींवर काम करताना दाखवलं होतं. लॅक्टेट कमी झालं, एनबीएस१वरची खूण उतरली, दुरुस्ती ढेपाळली आणि केमोचा परिणाम प्रयोगात परत दिसू लागला. फिट्सवरचं औषध आणि जठराची गाठ यांचा असा मेळ बसेल असं आधी कुणाला सुचलं असतं?

मग लॅक्टेटचा नळ बंद करून टाकावा, प्रश्न मिटला. असं वाटतं खरं, पण रोगप्रतिकाराच्या आघाडीवर गेलं की चित्र लगेच गुंतागुंतीचं होतं. गाठीतल्या नियामक टी-पेशी, म्हणजे हल्ल्याला लगाम घालणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, लॅक्टेटवर चांगल्या तग धरतात. त्यांच्यातल्या मोएसिन या प्रथिनावर लॅक्टिलेशन झालं की त्यांचा लगाम आणखी घट्ट होतो. गाठीच्या सोयीचंच झालं. पण गाठ मारणाऱ्या सीडी८ टी-पेशींना कामाला लागताना स्वतःही ग्लायकोलिसिस वाढवावं लागतं, आणि २०२४ च्या एका अभ्यासात त्यांच्या हिस्टोनवरचं लॅक्टिलेशन त्यांच्या कामाला आवश्यक असल्याचं दिसलं. म्हणजे शत्रूची म्हणून जी खूण आपण पुसायला निघालो ती आपल्या सैन्याच्या अंगावरही आहे. त्यात आणखी एक मेख: लॅक्टेट आणि लॅक्टिक आम्ल या एकच गोष्ट नाहीत. गाठीत लॅक्टेटबरोबर हायड्रोजन आयनही बाहेर पडतात आणि परिसर आम्ल होतो. टी-पेशींना मुख्य त्रास त्या आम्लतेचा. उंदरांना आम्लरहित सोडियम लॅक्टेट टोचलं तर सीडी८ पेशी अधिक दमदार झाल्या आणि गाठी आवरल्या, असाही २०२२ चा प्रयोग आहे. मी तो वाचून झाल्यावर आधीच्या सगळ्या टिपणांच्या कडेला प्रश्नचिन्हं काढली.

औषधांचा आजवरचा अनुभवही सावध करणारा आहे. पेशीतून लॅक्टेटची ने-आण करणारी एमसीटी१ ही वाहिनी अडवणाऱ्या एका औषधाची माणसांवर पहिली चाचणी झाली, तेव्हा मात्रा वाढवण्याला मर्यादा आणणाऱ्या परिणामांत डोळ्याच्या पडद्यातले बदल होते. आश्चर्य नाही; डोळ्याचा पडदाही लॅक्टेटच्या देवाणघेवाणीवर चालतो. शिवाय लॅक्टिल गट बसवणारी आणि काढणारी बरीचशी एन्झाइमं तीच आहेत जी ॲसिटिल गटाचं काम पाहतात. एकाला हात लावला की दुसरं हलतंच.

आणि मोजमापाचं काय? लायसीनवर ७२ डाल्टनची भर तीन वेगळ्या कारणांनी पडू शकते: एल-लॅक्टेट, त्याचं आरशातलं रूप डी-लॅक्टेट, किंवा कार्बॉक्सीइथिल नावाचा तिसराच गट. तिघांचं वजन एकच, रसायन वेगळं. बऱ्याच प्रथिनांत लॅक्टिलेशन झालेला हिस्सा एकूणात फार लहान असतो. एखाद्या लायसीनवर खूण सापडणं आणि त्या खुणेमुळेच रोग हललेला असणं, यांच्यातलं अंतर मोठं आहे. काही निबंध ते पायी चालून पार करतात, काही उडी मारून. लायसीन बदलून टाकला आणि तरीही परिणाम झाला का, एवढं आधी शोधायचं, मग बाकीचं वाचायचं, अशी सवय मी लावून घेतली आहे.

मावशीला मोठ्या आतड्याचा कर्करोग होता. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली. भेटायला येणारा प्रत्येकजण एकच सांगे: साखर बंद करा, गाठ साखरेवर जगते. पेट स्कॅनचं तत्त्व अर्धवट कानावर गेलं की हेच तयार होतं. आहारातून साखर काढून गाठीची उपासमार होत नाही, कारण रक्तातलं ग्लुकोज यकृत खाली पडू देत नाही. गरज पडली तर ते लॅक्टेटपासूनसुद्धा ग्लुकोज बनवतं. ही गोष्टही कोरी दांपत्यानेच उलगडून दाखवली. उपासमार होते ती आधीच वजन घटत चाललेल्या माणसाची. आल्या-गेल्याला हे समजावताना माझा सूर चढायचा. मावशी मला डोळ्यांनी दटावायची आणि पाहुण्यांना हो हो म्हणायची.

तिचा स्वतःचा प्रश्न जास्त नेमका होता. माझ्याकडून हे सगळं ऐकून ऐकून एक दिवस म्हणाली, “अगं, चालल्यावरही तेच तयार होतं ना? मग मी चालायला जाऊ की नको?”

याचं उत्तर सुदैवाने उंदरांकडून आणावं लागत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो झालेल्या ८८९ रुग्णांवर एक दीर्घ चाचणी २००९ मध्ये सुरू झाली, तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. निम्म्यांना तीन वर्षं ठरवून, मार्गदर्शकासह व्यायाम दिला. उरलेल्यांना आरोग्याची माहितीपुस्तकं. पाच वर्षांनी रोगाने पुन्हा डोकं वर न काढलेल्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, दुसऱ्या गटात ७३.९ टक्के. व्यायामात रक्तातलं लॅक्टेट चढतं आणि उतरतं. गाठ मात्र आपलं लॅक्टेट आपल्याच आत, थांबल्याशिवाय बनवते. या दोन्हींना एका मापाने मोजता येत नसावं, असा माझा अंदाज.

हे दोन आकडे मी तिला वाचून दाखवले आणि पुढे एनबीएस१वर आले, तोवर तिच्या बुटांच्या नाड्या बांधून झाल्या होत्या.